मेसेजिंगचं ओपन स्टँडर्ड आणि सोसायटीतला फळा

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. जून-जुलैची मासेमारीची बंदी चालू आहे, होड्या वर ओढून झाकून ठेवल्यात, पाऊस थांबायचं नाव घेत नाही, तर म्हटलं बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय इथे मांडून टाकू. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

लहानपणी हर्णैला आमच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात एक काळा फळा होता. डावीकडे होड्यांची नावं ऑइलपेंटने रंगवलेली आणि त्यापुढे खडूने 'आत' नाहीतर 'बाहेर'. बाबा समुद्रात असले की आई मला तासातासाने पिटाळायची, जा रे फळा बघून ये. वारा सुटला की अर्ध्या तासाने. मी धावत जायचो, 'बाहेर' वाचायचो, धावत यायचो. मग सोसायटीत एक नवीन कारकून आले, त्यांनी मला दारातच धरलं आणि म्हणाले, तू कशाला पाय तोडतोस, तुमची होडी आत लागली की मीच शेजारच्या दुकानात फोन करतो. त्या दिवसापासून माझं धावणं बंद झालं.

पुढे नोकरीसाठी नेटवर्किंग शिकलो तेव्हा आरएफसी २७७८ नावाचा कागद हातात आला. फेब्रुवारी २००० चा आहे, आयईटीएफचा, म्हणजे इंटरनेटची स्टँडर्डं ठरवणाऱ्या मंडळींचा. त्यात मेसेजिंग आणि 'प्रेझेन्स' म्हणजे माणूस ऑनलाइन आहे की नाही याचा नुसता आराखडा आहे, कोड नाही. ज्याची खबर असते तो प्रेझेंटिटी, खबर बघणारा तो वॉचर. वॉचर दोन जातीचे, मागून नेणारा फेचर आणि बदल झाला की कळवा म्हणून नाव नोंदवणारा सबस्क्रायबर. आणि जो फेचर ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा विचारायला येतो तो पोलर. मी वाचताना थांबलोच. चड्डी घालून फळ्याकडे धावणारा मी पोलर होतो आणि कारकुनांनी आईला सबस्क्रायबर केलं होतं!

आता मूळ मुद्दा. गेली काही वर्षं आमच्या नाखवा मंडळींचा ग्रुप एका कंपनीच्या ॲपवर होता. कोण आत, कोण बाहेर, बर्फ किती उरलाय, डिझेलची गाडी कधी येणार, संध्याकाळच्या लिलावात सुरमई काय भावाने गेली, सगळं तिथेच. कंपनीने ॲप बंद केलं. इंग्रजीत नोटीस आली होती म्हणे, कुणी वाचली नाही. एका सकाळी उघडलं तर पांढरा स्क्रीन. हिशेबाचे फोटो गेले ते गेलेच, पण मला जास्त लागलं ते हे की दीडशे माणसांचे 'पत्ते' गेले, कारण ते पत्ते आमचे नव्हतेच, कंपनीचे होते. ईमेलचं असं होत नाही, कुठल्याही कंपनीच्या ईमेलवरून कुठल्याही कंपनीच्या ईमेलला पत्र जातं, त्याचं स्टँडर्ड १९८२ पासून आहे. मेसेजिंगला असं ओपन स्टँडर्ड, म्हणजे सगळ्यांना खुले समान नियम, का नाही? आणि आपण गावात, सोसायटीच्या पातळीवर, काही करू शकतो का? जाणकारांनी लिहा, न-जाणकारांनी शंका विचारा.

आंबाकलम

धागा चांगला आहे पण मी स्पष्टच बोलतो. आमच्या देवगडात बागायतदार, पॅकिंगवाला, टेम्पोवाला, वाशीचा दलाल, सगळे व्हॉट्सॲपवर आहेत. हापूसच्या सीझनला मला रात्री अकराला पेटी किती पाठवू विचारायचं असतं, तेव्हा समोरचा जिथे आहे तिथेच मला जावं लागतं. तुमचं स्टँडर्ड कितीही चांगलं असो, तिथे माणूस नसेल तर काय करू?

सर्वररूम

आंबाकलम यांचा प्रश्न हाच या विषयाचा गाभा आहे, म्हणून जरा मागून सांगतो.

१९९६ ला आयसीक्यू नावाचं मेसेंजर आलं, ९७ ला एओएल कंपनीचं एआयएम, मग याहू, मग ९९ ला मायक्रोसॉफ्टचं. प्रत्येकाचं वेगळं कुंपण. मायक्रोसॉफ्टने ९९ च्या उन्हाळ्यात आपल्या ॲपमधून एओएलच्या लोकांशी बोलायची सोय केली, एओएलने ती तोडली, त्यांनी पुन्हा जोडली, यांनी पुन्हा तोडली, कितीतरी वेळा. म्हणजे 'सगळे एकाच ठिकाणी आहेत' ही अडचण तेव्हाही होती, फक्त ठिकाणाचं नाव वेगळं होतं. तेव्हा जे 'सगळे तिथेच' होते त्या एआयएमला डिसेंबर २०१७ मध्ये आणि याहू मेसेंजरला जुलै २०१८ मध्ये टाळं लागलं.

त्याच ९९ च्या जानेवारीत जेरेमी मिलर नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने जॅबर जाहीर केलं. कल्पना ईमेलसारखीच, ज्याला हवं त्याने आपला सर्व्हर लावावा आणि सर्व्हर एकमेकांशी बोलावेत. पत्ता पण ईमेलसारखा, नाव, मग ॲटची खूण, मग डोमेन, आणि पुढे तिरकी रेघ मारून यंत्राचं नाव, म्हणजे एकाच माणसाचा फोन वेगळा आणि लॅपटॉप वेगळा ओळखता येतो.

इकडे आयईटीएफमध्येही गट बसला होता, खाडीकाठ यांनी सांगितलेला आराखडा त्याच गटाचा. आराखड्यावर एकमत झालं पण प्रत्यक्ष प्रोटोकॉल म्हणजे यंत्रांनी बोलायचे नियम कुठले यावर अडलं. तीन प्रस्ताव, तीन वाटा. शेवटी एकच प्रोटोकॉल ठरवायचा नाद सोडला आणि निदान मेसेजच्या पाकिटाचा नमुना तरी समान ठेवू म्हणून वेगळं स्टँडर्ड लिहिलं. तिघांपैकी 'सिंपल' टिकला, तो टेलिफोनवाल्यांच्या सिप या प्रोटोकॉलवर बेतलेला, फोनमधल्या आरसीएस म्हणजे नव्या तऱ्हेच्या एसएमएसच्या मुळाशी तोच आहे. जॅबरवाल्यांनी २००२ मध्ये आयईटीएफमध्ये वेगळा गट काढला, जॅबरच्या प्रोटोकॉलला तिथे नाव मिळालं एक्सएमपीपी, आणि ऑक्टोबर २००४ ला आरएफसी ३९२० आणि ३९२१ निघाले. संपादक पीटर सेंट-आंद्रे. २०११ मध्ये सुधारून ६१२० आणि ६१२१.

आता आंबाकलम, तुम्हाला नवल वाटेल, पण व्हॉट्सॲपची सुरुवात याच घराण्यातून झाली. सर्व्हरचं सॉफ्टवेअर ईजॅबरडी, म्हणजे जॅबरचंच, आणि प्रोटोकॉल एक्सएमपीपीचाच छाटून आटोपशीर केलेला. म्हणजे तंत्र कमी पडलं असं नाही. दाराला कडी आतून लावली गेली.

आंबाकलम

हे माहीत नव्हतं. पण मग दार कधी उघडं होतंच की नाही मोठ्यांचं?

सर्वररूम

होतं ना. गूगल टॉक ऑगस्ट २००५ मध्ये आलं ते एक्सएमपीपीवर, आणि जानेवारी २००६ ला त्यांनी बाहेरच्या सर्व्हरशी जोडणीही उघडली. मी तेव्हा रत्नागिरीत कॉलेजला होतो, होस्टेलच्या एका खटारा पीसीवर जॅबर सर्व्हर लावला होता आणि पुण्यातल्या मित्राच्या जीमेलवर थेट बोलायचो, त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका माझ्या सर्व्हरवर उगवायचा. तो ठिपका पहिल्यांदा बघितला तेव्हाचा आनंद अजून आठवतो. २०१३ ला हँगआउट्स आलं आणि ही जोडणी बाद झाली. फेसबुकनेही २०१० ते २०१५ बाहेरच्या जॅबर ॲपमधून चॅट करायला दार ठेवलं होतं, पण दुसऱ्या सर्व्हरशी जोडणी त्यांनी कधीच दिली नाही.

एवढं मात्र खरं, युरोपात मार्च २०२४ पासून कायद्याने व्हॉट्सॲपवर बंधन आलंय की दुसऱ्या मेसेजिंग सेवेने मागितलं तर जोडणी द्यायची. आपल्याकडे ते लागू नाही. आणि आयईटीएफमध्येही वेगवेगळ्या सेवांनी एकमेकांशी कसं बोलावं यावर २०२३ पासून नवा गट काम करतोय. ग्रुपच्या एन्क्रिप्शनचं, म्हणजे मेसेज कुलूपबंद करण्याचं, एमएलएस हे स्टँडर्ड त्याच वर्षी जुलैत आलं, आरएफसी ९४२०.

निशिगंध

वाचतेय, खूप माहितीपूर्ण. माझी एक भीती आहे. ओपन म्हणजे सगळ्यांना सगळं दिसणार का? मी गुहागरला शाळेत शिकवते, रात्री साडेदहाला माझ्या नावापुढे ऑनलाइन दिसलं की पालकांचे मेसेज सुरू, मॅडम जाग्या आहात ना म्हणून. मला तर ही ऑनलाइनची खूणच नको वाटते.

खाडीकाठ

निशिगंधताई, ओपन आहे ते नियमांचं पुस्तक, तुमची माहिती नव्हे. उलट प्रेझेन्सची परवानगी हा या स्टँडर्डचा पहिल्यापासूनचा भाग आहे. मला तुमची खूण बघायची असेल तर मी विनंती पाठवायची, तुम्ही मंजूर केलीत तरच दिसणार, आणि नंतर कधीही काढून घेता येते. प्रत्येक नावापुढे चारपैकी एक नोंद असते: नन, टू, फ्रॉम, बोथ. टू म्हणजे मला तुमचं दिसतं, फ्रॉम म्हणजे तुम्हाला माझं, बोथ म्हणजे दोघांना दोघांचं. पालकांना नन ठेवा, मेसेज तरीही येतील, ठिपका दिसणार नाही.

आमच्या सोसायटीत मी हे लावून बघतोय, तिथे तर याची फार गरज. मासा कुठे लागला ते सख्खा भाऊ भावाला सांगत नाही, आणि मला नाखव्यांना पहिल्या मीटिंगला हेच समजवावं लागलं की फळ्यावर फक्त आत-बाहेर दिसणार, कुठल्या वावाला म्हणजे किती खोल पाण्यात आहात ते नाही. एक म्हातारे नाखवा होते, त्यांनी तीनदा विचारलं, तीनदा सांगितलं, तेव्हा कुठे मान हलवली.

मालवणी_खाजा

खाडीकाठ दादा, बरां लिवलास. माका येकच इचारूचा आसा. वादळ इला की टॉवर झोपतत, मगे तुमचां स्टँडर्ड काय करतलां? तौक्तेच्या येळाक आमच्या वाडीत धा दिस लाईट नाय होती, फोन म्हणजे नुसतो दगड. आणि होडी भायर गेली की रेंज खंय आसता?

खाडीकाठ

खाजाभाऊ, अगदी खरं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं तेव्हा दापोली-मंडणगडचं काय झालं ते मी बघितलंय, घरावर कौल नाही आणि बहिणीला मुंबईला जिवंत आहोत एवढं कळवायला पाच दिवस लागले. टॉवर पडला की एक्सएमपीपी काही करू शकत नाही, उगाच खोटं का सांगू. एवढंच होतं की सोसायटीतलं छोटं यंत्र बॅटरीवर चालू राहिलं तर त्याच वायफायच्या टप्प्यातली माणसं इंटरनेट नसतानाही आपसात बोलू शकतात, कारण सर्व्हर गावातच आहे. टप्पा म्हणजे ऑफिस, अंगण आणि समोरची जेटी, त्यापुढे नाही.

समुद्रातलं वेगळं आहे. किनारा दिसेनासा झाला की रेंज जाते आणि फोन ऑफलाइन पडतो. आता ऑफलाइन म्हणजे बॅटरी संपली, रेंज गेली की आणखी काही, हे प्रेझेन्स सांगत नाही. त्यामुळे जिवाच्या कामाला हे वापरायचं नाही, मी नाखव्यांना लिहून दिलंय तसं. तिथे व्हीएचएफ म्हणजे होडीवरचा वायरलेस सेट. आणि व्हीएचएफकडे बघा ना, तेही ओपन स्टँडर्डच आहे! सेट कुठल्याही कंपनीचा घ्या, चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झच, गुजरातची लाँच असो की आपली होडी की कोस्ट गार्ड. उद्या एखादी कंपनी म्हणाली आमच्या सेटवरून फक्त आमच्याच सेटशी बोलता येईल, तर बंदरावर तो सेट कोण घेईल? मोबाइलवर आपण तेच रोज मान्य करतो याचं मला वाईट वाटतं.

मालवणी_खाजा

ह्यां पटला. १६ नंबराचां उदाहरण माझ्या झिलाक सांगतलंय.

मधली_आळी

आयईटीएफची मंडळी हे ठरवतात कसं, मतदान करून का? आणि त्यात भारतातला माणूस घुसू शकतो का?

सर्वररूम

मतदान नाही! सभासदत्वही नाही. मेलिंग लिस्टवर कुणीही नाव घालावं आणि बोलावं, कागद सगळे फुकट वाचायला. डेव्हिड क्लार्क यांचं १९९२ चं वाक्य प्रसिद्ध आहे, आम्ही राजे, अध्यक्ष आणि मतदान नाकारतो, आमचा विश्वास ढोबळ एकमतावर आणि चालत्या कोडवर. बैठकीत हात मोजण्याऐवजी 'हं' असा आवाज काढायला सांगतात, कुठल्या बाजूचा हुंकार मोठा ते ऐकायचं. आणि विरोधात एकच जण असला तरी त्याच्या मुद्द्याला उत्तर मिळालंय का हे बघायचं. आपल्या गावकीत बसलेल्या माणसाला हे नवीन नाही, तिथेही कुणी हात मोजत नाही, पण कोपऱ्यातला एखादा जाणता अडून बसला तर विषय पुढच्या बैठकीवर जातोच.

एक्सएमपीपीचं आणखी एक अंग आहे. गाभा आयईटीएफचा, पण जोडण्या म्हणजे ग्रुप चॅट, पोचपावती, फाइल पाठवणं, फोन खिशात असताना बॅटरी वाचवणं, हे सगळं एक्सएमपीपी स्टँडर्ड्स फाउंडेशन बघतं. २००१ ला जॅबर सॉफ्टवेअर फाउंडेशन म्हणून सुरू झालं, २००७ ला नाव बदललं. पाच जणांची कौन्सिल दरवर्षी निवडतात (इथे मात्र मतदान आहे). प्रत्येक जोडणीला एक्सईपी नंबर. ग्रुप चॅट ०४५, पोचपावती १८४, सर्व्हरवर जुने मेसेज साठवणं ३१३, ओमेमो एन्क्रिप्शन ३८४.

आणि दुखणंही इथेच आहे, ते लपवत नाही. एक्सईपी शेकड्यांनी झाले, एका ॲपला हा येतो तर दुसऱ्याला तो येत नाही, मग फोटो एकाला दिसतो आणि दुसऱ्याला नुसती लिंक. म्हणून दर थोड्या काळाने ते यादी काढतात की चांगल्या ॲपला निदान एवढं आलंच पाहिजे. अँड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्स, आयफोनवर मोनल, कॉम्प्युटरवर गाजिम किंवा डिनो घेतलं तर रोजच्या वापरात अडत नाही.

मधली_आळी

मॅट्रिक्स का नको? तेही मेसेजिंगचं ओपन स्टँडर्डच, २०१४ चं, फ्रान्सचं सरकार वापरतं.

सर्वररूम

वाईट अजिबात नाही. पण मॅट्रिक्समध्ये खोलीचा म्हणजे ग्रुपचा इतिहास त्या खोलीत असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर जातो, छोट्या यंत्राला ते जड पडतं. हर्णैच्या सोसायटीला मी तरी एक्सएमपीपीच सांगेन.

निशिगंध

मला आता उत्साह आला म्हणून करून बघितलं, आणि एक गंमतशीर अडचण आली ती सविस्तर लिहिते. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला पावसाळी ओढा आहे, त्याला आम्ही पऱ्या म्हणतो, वाडीचंही तेच नाव पडलंय. भाच्याने त्याच्या ओळखीच्या सर्व्हरवर देवनागरीतच 'पऱ्या' नावाने खातं काढलं. बनल्यावर नाव दिसायला लागलं 'पर्या', म्हणजे र वर चढून रफार झाला. आणि मी माझ्या फोनवरून शोधलं तर असं खातंच नाही म्हणतो. दोघांनी अक्षर तेच बघितलं होतं!

सर्वररूम

निशिगंध, तुम्ही नकळत फार खोल जागी हात घातलात.

'पऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडखूण आणि य. दिसायला हुबेहूब, आत वेगळं. एक्सएमपीपीचा जुना पत्त्याचा नियम स्ट्रिंगप्रेप म्हणून होता, तो अशा अदृश्य खुणा गाळून टाकतो. तुमच्या भाच्याने दुसऱ्या तऱ्हेने टाइप केलं, सर्व्हरने खूण गिळली, उरलं 'पर्या'. तुमचा कीबोर्ड पहिल्या तऱ्हेचा, म्हणून सापडेना. तो जुना नियम युनिकोड ३.२ ला, म्हणजे जगभरच्या अक्षरांच्या यादीच्या एका जुन्या आवृत्तीला, बांधलेला आहे, त्यामुळे 'ॲप' मधलं ॲ हे एक अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ ला आलं, ते त्याला ठाऊकच नाही.

२०१५ च्या आरएफसी ७६२२ मध्ये हे सुधारलं, हलन्तानंतर ती खूण चालते. पण तरीही दोन तऱ्हा दोन वेगळी नावंच राहतात, आणि सगळे सर्व्हर नव्या नियमावर आलेले नाहीत. मधली_आळी, भारतातला माणूस घुसू शकतो का विचारलंत ना, हेच ते दार. र आणि खाली नुक्ता दिला तर तो ऱ शी एकरूप होतो, जोडखुणेवाला होत नाही, हे मराठी लिहिणाऱ्याशिवाय कोण त्यांना उदाहरणासकट सांगणार? सर्व्हरच्या नावासकट आणि दोन्ही टायपिंगच्या नमुन्यांसकट बग रिपोर्ट टाका, मी इंग्रजी बघून देतो.

निशिगंध

टाकते. आज रात्रीच.

आंबाकलम

मी अजून व्हॉट्सॲपवरच राहणार, पण बागायतदारांच्या सोसायटीचं डोमेन आहे आमच्याकडे, वेबसाइटसाठी घेतलेलं, पडूनच आहे. त्यावर हे होऊ शकतं का? खर्च किती, कटकट किती, खरं सांगा.

खाडीकाठ

डोमेन असेल तर निम्मं काम झालं, कारण पत्ता तुमचा झाला. उद्या सर्व्हर बदला, ॲप बदला, पत्ता तोच. कटकट सांगतो. मी आधी सोसायटीतल्या फायबरवरच प्रॉसडी लावलं, प्रॉसडी म्हणजे हलकंसं सर्व्हर सॉफ्टवेअर. आतून छान चाललं, बाहेरून कुणाला दिसेना. दोन रात्री डोकं आपटलं, मग कळलं की इंटरनेटवाला आपल्याला स्वतंत्र आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता देतच नाही, शेकडो घरं एकाच आयपीमागे. स्टॅटिक म्हणजे कायमचा आयपी मागितला, पत्र दिलं, अजून उत्तर नाही. शेवटी छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. पोर्ट म्हणजे सर्व्हरची दारं, ते दोन उघडावे लागतात, ५२२२ फोनसाठी आणि ५२६९ दुसऱ्या सर्व्हरशी बोलायला, डोमेनच्या नोंदीत दोन ओळी, सर्टिफिकेट फुकट मिळतं. सोसायटीतलं यंत्र आता वेगळ्या नावाने फक्त आतल्या वायफायसाठी ठेवलंय, वादळासाठी.

आणि चालवायला स्वतःला जमत नसेल तर प्रव नावाचा भारतातलाच प्रयत्न आहे, एक्सएमपीपीवरचं ॲप, सहकारी संस्था म्हणून चालवायच्या विचाराने उभं केलेलं. सोसायटीवाल्यांना ही भाषा आपलीच वाटेल.

आत्ता आमच्याकडे सव्वीस नाखवा आलेत दीडशेपैकी. कमी आहेत, माहीत आहे. त्यांच्या स्टेटसमध्ये 'आत' आणि 'बाहेर' हे दोनच शब्द ठरवून घेतलेत. आई आता थकली आहे, पण तिच्या फोनवर भावाच्या होडीची खूण मंजूर करून दिली आहे, तिला बंदी उठायची वाट आहे.

मालवणी_खाजा

झिलान आमच्या मालवणातल्या दुकानाच्या डोमेनार काल रात्री लावल्यान. सर्वररूम दादांन फोनार दोन तास घालवल्यानी, त्यांका देव बरां करो. खाडीकाठ दादा, तुका विनंती धाडलंय, बघ इली काय.

खाडीकाठ

आली. मंजूर केली आणि माझीही धाडली.

मालवणी_खाजा

बोथ दिसता.